ओलाबारिया आडनावाचा शोध

१२ जानेवारी, रविवार

लागला! ओला म्हणजे लोखंडाची भट्टी, बारी म्हणजे नवी. नव्या भट्टीवाले ते ओलाबारिया — आमच्या कस्तुरीच्या होणाऱ्या नवऱ्याचं, इनिगोचं आडनाव. एका पुस्तकात ओला म्हणजे धनगराची झोपडी असंही आहे. दोन्ही टिपून ठेवलं. ब्रिस्टलला सव्वीस वर्षं लेथवर काढलेल्या माझ्यासारख्याला भट्टीच आवडणार. पण आवड म्हणजे पुरावा नव्हे.

१९ जानेवारी

नकाशा पुरा. स्पेनच्या उत्तरेला बास्क मुलखात, त्यातही बिस्के प्रांतात हे आडनाव दाट. अर्जेंटिनात तर या नावाचं शहरच आहे. ब्रिटनमध्ये मला एकच घर सापडलं — कार्डिफचं, इनिगोचं! त्याचे पणजोबा १९३७ साली, स्पेनच्या यादवी युद्धात, निर्वासित मुलांच्या बोटीतून साउदॅम्प्टनला उतरले ते इथलेच झाले.

कॉलेजचं तोंड न बघता केलंय हे. कोणी करून दाखवावं.

२३ जानेवारी

पुण्याहून मधुमतीताईचा फोन. "गुरुजी मुलाचं गोत्र विचारतायत."

"ताई, त्यांच्यात घराचं नाव हेच गोत्र."

"म्हणजे बिल्डिंगचं नाव सांगू? साईकृपागोत्री?"

हसलो. मग म्हणाली, "जावयाचं एवढं खोदतोयस, आणि आपल्या कुलवृत्तांतात तुझ्यापुढे 'एक कन्या', पूर्णविराम. आपल्या घरातले सोवनी तुझ्यापाशी संपले रे."

बरं, म्हटलं. फोन ठेवून ते पान काढलं. खरंच पूर्णविराम आहे.

२ फेब्रुवारी

इनिगो जेवायला आला. श्रीखंड दोनदा! मग फाइल दिली — एकेचाळीस पानं, वंशावळीसकट. सावकाश वाचली त्याने. हळूच कस्तुरीला काहीतरी म्हणाला.

"बाबा, तो विचारतोय, यात बायका कुठेत?"

बायका! कुलवृत्तांतात नसतात, म्हणून मीही पुरुषच आखले. पण त्याची आजी सांगते, त्यांच्याकडे पूर्वी थोरलं मूल घर चालवायचं, मुलगी असली तरी. मी सगळ्यात वर घातलेला माणूस मुळात ओलाबारिया नव्हताच. त्याची बायको होती! तो तिच्या घरी आला आणि त्या घराचं नाव लावू लागला.

"घरजावई म्हण की," कस्तुरीची आई नीना म्हणाली. कस्तुरीने अर्थ सांगितला तर इनिगो ताठ बसला — "येस! इट वॉज ॲन ऑनर."

चूक माझी. फाइल परत घेतली.

९ फेब्रुवारी

दुरुस्ती झाली. सगळ्यात वर आता ती बाई.

८ मार्च

इनिगोचा फोन. डीड पोलच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही हवी. कसला कागद? तर आडनाव बदलतोय. इनिगो सोवनी.



मग नियम वाचला. साक्षीदार नातेवाईक चालत नाही. "शेजाऱ्याची घे," म्हटलं.

"बट पुष्करकाका, वेडिंग मेमध्ये आहे. वी आर नॉट रिलेटेड येट!"

नाही केली सही.