करड्याच्या वतीने

सोमवार, ४ मार्च

आज कामावर रुजू झाले. एकोणपन्नासाव्या वर्षी हे वाक्य पुन्हा लिहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. शाळा बंद पडल्यावर दीड वर्ष घरात काढलं, आणि शेवटी शेवटी तर मी गॅसच्या शेगडीशीही बोलायला लागले होते.

प्रकाशनाचं ऑफिस म्हणजे पूर्वीचं कापडाचं गोदाम. खाली छपाई, वर आम्ही. माझं टेबल खिडकीशी आहे आणि खुर्चीचे चारही पाय सारखे आहेत, हे सुख शाळेत बावीस वर्षांत मिळालं नाही. मालकीणबाईंना सगळे नुसतं बाई म्हणतात. त्यांनी माझं नाव विचारलं आणि ऐकायच्या आतच मला मास्तरीणबाई करून टाकलं.

काम मजेशीर आहे. यांची एक कादंबरीमाला आहे, नऊ भाग निघालेत. नायक अर्धा माणूस, अर्धा लांडगा, नाव करडा. नायिका कॉलेजातली साधी मुलगी. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, आणि आपण तिला चावू या धास्तीने तो नऊ भाग तिच्यापासून लांब पळतो. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर करड्याला पत्र लिहायचा पत्ता छापलेला असतो. पत्रं येतात, आणि करडा स्वतःच्या हाताने उत्तर लिहितो. आजपासून तो हात माझा. अक्षरावर नोकरी मिळाली म्हणायची.

नियम तीनच. भेटीचं वचन द्यायचं नाही, एका पानाच्या वर जायचं नाही, आणि करडा कधी थकलेला दिसता कामा नये. तिसरा ऐकून मला हसू आलं.

राहायला तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली आहे. जिना अरुंद, पण खोलीत उजेड भरपूर. ताईला फोन केला. ती म्हणाली, या वयात प्रेमपत्रं लिहायची म्हणजे चष्मा तरी बदलून घे.

शुक्रवार, ८ मार्च

रोजची पन्नासेक पत्रं. मला वाटलं होतं सगळे उसासेच असतील. तसं अजिबात नाही. वाचणाऱ्या मुली भलत्या कडक आहेत. एकीने करड्याच्या रूपांतरांची पानवार यादी पाठवून विचारलंय, की सहाव्या भागात त्याचा शर्ट फाटला आणि पुढच्याच पानावर तो बाह्या दुमडतो, हे कसं? नवव्या भागावर तर सगळ्याच तुटून पडल्या आहेत. नायिका अजून माणूसच राहिली याचा त्यांना राग आहे. एक लिहिते, तिला चावून टाक आणि मोकळा हो, आम्हाला दुसरी पुस्तकंही वाचायची असतात. एका सत्तरीच्या बाईंनी कळवलंय, की त्यांचा नवरा चाळीस वर्षं घोरला, त्यापेक्षा लांडगा परवडला असता.

मी हसत हसत उत्तरं लिहिते. दुपारनंतर हसू आटतं, कारण सगळ्यांच्या तळाशी तीच गोष्ट असते. कोणीतरी यावं. आपल्यालाच शोधत यावं.

ही मालिका लिहिणारी लेखिका कोण, ते आज पार्सलवाल्या काकांनी सांगितलं. कोणी नाहीच. बाई, त्यांचे दीर आणि प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक मिळून लिहितात. प्राध्यापक फक्त दात बघतात.

मंगळवार, १२ मार्च

आज एक पत्र वेगळं आलं. खाली सही ‘जागी’. वय एकोणीस. प्रवेश परीक्षेत दोनदा नापास, मैत्रिणी बाहेरगावी शिकायला गेलेल्या, आई इस्पितळात नर्स, तिची दिवसपाळी. रडगाणं कुठेही नाही. लिहिते, दुपारी तीनला घर इतकं शांत होतं की फ्रिज बंद पडला तरी दचकायला होतं. मग विचारते: करड्या, तू तीन वाजता काय करतोस?

बाकीच्या सगळ्या रात्रीचं विचारतात. तीन वाजताचं कोणी विचारत नाही. दीड वर्ष मी ती वेळ रोज बघितली आहे.

मी कच्चा मसुदा करून मग उत्तर लिहिलं. तीन वाजता मी तुझ्याच गल्लीच्या टोकाशी असतो, असं लिहिलं. मागचं दार नुसतं लोटून ठेव, कडी घालू नकोस, असंही लिहिलं. मसुद्यात आणखी एक वाक्य होतं: मी इतका दमलोय, की कोणी बोलावलं तर कुठेही जाईन. ते तिसऱ्या नियमात बसेना म्हणून खोडलं, आणि कागद फाडून घरच्या टोपलीत टाकला.

पहिला नियम मोडला हे पाकीट पेटीत टाकल्यावर लक्षात आलं. जाऊ दे. पोरीला चार दिवस बरं वाटेल.

सोमवार, १८ मार्च

जागीचं उत्तर आलं. पहिली ओळ: ‘आलास. थँक्यू.’

मी हसले. खेळ छान खेळते. लिहिते, तो पुस्तकातल्यापेक्षा लहान आहे, एक कान फाटलेला, अंगाला ओल्या गोणपाटाचा वास. मागच्या पायरीवर बसून राहिला. तिने त्याला माझंच पत्र वाचून दाखवलं, ते त्याने मान वाकडी करून ऐकलं. मग चार वाजता उठून गेला. गल्लीतली कुत्री तेवढा वेळ भुंकली नाहीत.

मी पानभर उत्तर लिहिलं, की अनोळखी कुत्र्यांपासून जपून राहा. ते करड्याच्या तोंडी शोभेल असं लिहायला अर्धा तास गेला.

शुक्रवार, २२ मार्च

दुसरं पत्र. हे आज तीनदा वाचलं.

तो आता घरात येतो. फ्रिजला धरून दोन पायांवर उभा राहतो. ‘पुस्तकात लिहिलंय की बदलताना तुला वेदना होतात,’ असं ती लिहिते. ‘तसं काही दिसलं नाही. नुसता कंटाळा आल्यासारखा बदललास. ते पुढच्या भागात नीट करायला सांग.’ त्याला बोलताही येतं, पण फक्त पत्रातली वाक्यं. मागचं दार नुसतं लोटून ठेव, हेच पुन्हा पुन्हा. काल मात्र एक नवीन वाक्य म्हणाला.

ते वाक्य तिने अवतरणात लिहिलंय. ‘मी इतका दमलोय, की कोणी बोलावलं तर कुठेही जाईन.’

तो कागद मी माझ्या हाताने फाडला होता. या खोलीत. टोपली मी स्वतः खाली नेऊन रिकामी केली होती.

ताजा कलम असा: रविवारी त्याने दंडाला धरलं, दात जरा लागले, पण ते चुकून असावं.

शनिवार, २३ मार्च

बाईंना सगळं सांगितलं. नियम मोडल्याचंही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वाचक इतका रंगला म्हणजे आपण जिंकलो, हे पत्र दहाव्या भागाच्या शेवटी छापू. दातांचं सांगितल्यावर म्हणाल्या, प्राध्यापकांना दाखवते.

पत्र पोचायला तीन दिवस लागतात. फोन नंबर नाही. पाकिटावर पत्ता आहे. बसने चार तास.

मंगळवार, २६ मार्च

आत्ता परत आले. जमेल तेवढं लिहून ठेवते.

बैठं घर, मागे कपडे धुवायची जागा. दार तिनेच उघडलं. किडकिडीत, केस ओले, दंडाला फडकं बांधलेलं. प्रकाशनातून आले म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. मला बसवलं, पाणी दिलं. मग पर्समधला कागद काढला आणि तिच्यासमोर दोन ओळी लिहिल्या.

ती अक्षराकडे बघत राहिली. मग माझ्या चपलांकडे, चष्म्याकडे.

“म्हणजे पत्रं तुम्ही लिहिता?”

मी हो म्हटलं. माफी मागितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं आणि मग एकदम थांबली.

“मग तो कोण येतो?”

तेव्हा तीनला वीस मिनिटं कमी होती. मी उठून मागच्या दाराला कडी घातली, समोर टेबल ओढलं. ती मदत करेना, अडवेहीना. नुसती उभी होती.

तीनला दार हललं. धक्का नाही, कोणी टेकून उभं राहिल्यासारखं. मग आवाज. गल्लीच्या टोकाशी असतो. कडी घालू नकोस. आवाज पुरुषाचा होता, पण त्यातले थांबे माझे होते. मी जिथे स्वल्पविराम दिला होता, तिथे तो श्वास घेत होता.

अर्धा तास. नंतर शांत झालं. पुढच्या दाराने रस्ता मोकळा आहे का ते बघायला मी कोपऱ्यापर्यंत गेले. मग तिला घेऊन थेट तिच्या आईच्या इस्पितळात. आई सोळा तासांची दुहेरी पाळी करून भिंतीला टेकून उभी होती. तिला म्हटलं, कुत्रं चावलंय, इंजेक्शनं द्या, आणि काही दिवस हिला घरी एकटी ठेवू नका. तिने एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाली, आत्याकडे पाठवते. प्रश्न विचारायला अंगात जीव लागतो.

पोर सुटली.

गुरुवार, २८ मार्च

जागीचा ऑफिसात फोन. आत्याकडे आहे, बरी आहे. दंडावर वण राहिला नाही म्हणाली. आणि एक सांगायचं राहिलं होतं. मी कोपऱ्यापर्यंत गेले तेव्हा तिने मागची खिडकी उघडली. तो तिथेच होता. तिने त्याला सांगितलं, की तू म्हणतोस ती वाक्यं माझी नाहीत, लिहिणारी बाई दुसरी आहे. माझ्या पत्राच्या पाकिटावरचा ऑफिसचा पत्ता वाचून दाखवला.

का, ते विचारलं. म्हणाली, “त्याने उगाच माझी वाट बघत बसू नये म्हणून.”

मी रागावले नाही. कोणाला बरं वाटावं म्हणून काहीही सांगून टाकायचं, हे माझ्यावरूनच शिकली आहे.

शुक्रवार, २९ मार्च

काका म्हणाले, गोदामामागे एक मोठं कुत्रं बसलंय, दगड मारला तरी हलत नाही. कान फाटलेला का, ते मी विचारलं नाही.

पन्नास पत्रं तशीच पडून. एकीलाही उत्तर लिहिलं नाही. काय लिहू — कोणत्या वाक्याचं काय होईल —

बाई म्हणाल्या, दमलेल्या दिसता, दोन दिवस घरी बसा.

शनिवार, ३० मार्च

घरी. तीन वाजता जिन्यात पावलं. चार पायांची, मग दोन पायांची. दाराशी थांबली.

बोलला नाही. मी या बाजूला, तो त्या बाजूला. लाकडावर नखं नाहीत, काही नाही. फक्त तो वास.

चारला गेला. शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनी काही ऐकलं नाही.

एका कागदावर लिहिलं: इथून जा, कोणाकडेच जाऊ नकोस. दाराखालून सरकवायला ठेवला. मग वाटलं, हेही तो पाठ करेल. दुसऱ्या कोणाच्या दाराशी उभा राहून — फाडला नाही. जाळला.

संध्याकाळी जागीचा पुन्हा फोन. माझा नंबर आणि इथला पत्ता काल ऑफिसातून घेतला म्हणाली. उद्या येते म्हणाली. आत्याला सांगितलं नाही. फक्त लांबून बघेन त्याला, एकदाच, मावशी. मी नको म्हटलं. ओरडले. तिने ठेवून दिला. परत लावला तर उचलत नाही. आत्याचा नंबर माझ्याकडे नाही.

रविवार, ३१ मार्च

सकाळची बस बघायला स्टँडवर गेले. त्यात ती नव्हती. दुसरी बस अडीचला, म्हणून घरी आले. पुन्हा निघायला गेले, तर तो जिन्याच्या तोंडाशी बसलेला — भर दुपारी — उलट्या पावली वर आले. कडी घातली. तो मागून वर आला.

दोन पन्नास. दाराशी आहे. आज बोलतोय. हळू. सगळी वाक्यं संपवतो, पहिल्यापासून सुरू करतो.

आईला इस्पितळात फोन केला. पाळीवर आहे, बोलावतो म्हणाले. कोणी बोलावलं नाही.

खिडकीतून रस्ता दिसतो. स्टँडकडून येणारी माणसं — ती नाही. ती नाही.

ती आहे. पिवळा शर्ट. हाक मारली, वाहनांच्या आवाजात — वर बघितलंच नाही तिने. आत शिरली.

तो गप्प झाला.

चपला. पहिला मजला. तोही ऐकतोय. दाराचं लाकूड सैल झालं, वळला असणार. जिना अरुंद आहे, दोन माणसं एका वेळी —

मावशी, अशी हाक मारतेय. उत्तर दिलं तर धावत येईल.

त्याला आत घेतला तर दार लावता येईल. माझ्या बाजूने. एवढंच सुचतंय. कडी काढते. वही टेबलावर ठेवते, पोरीने वाचली तर तिला कळावं की दार मी उघडलं, तिने ना—

दुसरा मजला. आत ये म्हणते त्याला. आत ये, म्ह