वरची मूठ

दारव्हा, ता. १२ मार्च १९६१

ती. सौ. तुळसाबाईस धाकटा भाऊ गोविंदा याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

घाईत लिहितो आहे, अक्षर लावून घे. काल भर बाजारात वजनमापाचे साहेब दुकानात आले. बाबांचं पितळी शेरमाप त्यांनी सरकारी मापाशी ताडून पाहिलं, तर आपलं मूठभर कमी! बाई, बाबांचं माप! ते जप्त झालं, दुकानाला कुलूप लागलं, परवान्याची चौकशी पंधरा दिवसांत आहे. दोन वर्षांपूर्वी सपाट मापाची सरकारी ताकीद आली तेव्हापासून मी मापावर दांडी फिरवून सपाटच देतो, वर दाणा टाकत नाही. एवढा नियम पाळून हे! जुनं गिऱ्हाईक मथुराबाई सगळ्यांदेखत म्हणाली की मले दोन वर्षांपासून जवारी कमी पडून राह्यली होती, पण तुह्यं नाव कसं घेऊ. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा लबाड होते का? खरं ते कळव. लोभ या बातमीनं आटू देऊ नकोस.

तुझा गोविंदा

केळापूर, ता. १७ मार्च

चि. गोविंदास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचताना तव्यावरची भाकर करपली. बाबांना लबाड म्हणायला लेखणी धजली कशी? त्या मापाचे पोचे कधी पाहिलेस? आपल्या घरातली प्रत्येक सून तेच माप ओलांडून आत आली. आई, दोन्ही काकू, आणि तुझी बायको. तिनं तर असं उडवलं की ओसरीच्या दगडावर जाऊन आदळलं! लक्ष्मीच्या पावलाची खूण म्हणून बाबांनी एकही पोचा ठोकून घेतला नाही. त्या दिवशी हसत मला म्हणाले, आता गिऱ्हाइकाले मूठ मोठी टाका लागन. ती वरची मूठ दानत नव्हती रे, पोच्यांची भरपाई होती. ती तू बंद केलीस.

रागावले आहे, तरी माया आहे तेवढीच आहे.

तुझी बाई

दारव्हा, ता. ४ एप्रिल

ती. सौ. बाईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचलं. म्हणजे लबाड मीच! नियमानं वागून दोन वर्षं लोकांना मूठमूठ लुबाडलं. चौकशीत हेच सांगितलं. साहेब बराच वेळ पोचे चाचपत बसले. दंड करून परवाना परत दिला, माप मात्र ठेवून घेतलं.

नवं सरकारी माप पुरेपूर भरतं. तरी मी वर मूठ टाकतो, दोन वर्षांची फेडायची आहे. परवा साहेबांनी ते पाहिलं. सपाट मापाचा नियम मोडला म्हणून नोटीस हातात दिली; पुन्हा दिसलं तर परवाना कायमचा जाणार. मी सही केली. सही होईतो मथुराबाई पिशवी उघडून उभी होती. तिच्या मापावर साहेबांसमोरच मूठ टाकली.

आशीर्वाद दे. तो तरी दांडी न फिरवता.

तुझा गोविंदा