सुलतानची ताटली

३ एप्रिल २००५, रविवार

कुत्रं येतंय. पाडव्याला! ज्ञानूचा पुण्याहून फोन आला, तो सगळं ठरवूनच. "आई, अण्णांची इच्छा होती ना," म्हणे. होती की. डिसेंबरात बिबट्यानं आमचा मोत्या उसात ओढून नेला, तेव्हा हे चिडून म्हणाले होते, आता असं कुत्रं आणतो की बिबट्यानं लांबूनच वाट बदलावी. कुठल्याशा कॅलेंडरवर बुलडॉगचं चित्र पाहिलेलं. नावसुद्धा ठरवून मोकळे — सुलतान. मग महिनाभरात यांच्याच अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड. इच्छा तेवढी मागं राहिली, आणि ती आता मी पुरवायची.

मला कुत्र्याची किळस आहे हे ज्ञानूला जन्मापासून माहीत आहे. लाळ, शेंबूड, उष्टं — काहीच मला सहन होत नाही. पण विचारतो कोण!

५ एप्रिल

फोनवर यादी सांगितली, मी ह्याच वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. पसरट ताटली. कापसाचं बंडल. अंथरायला गोणपाट, उन्हाच्या वेळी ते ओलं करायचं. दिवसातून चार वेळा थोडंथोडं खाणं. आणि तीनदा तोंडाच्या घड्या पुसायच्या — आधी ओल्या कापसानं, मग कोरड्या. घड्या! बिबट्याशी लढणाऱ्या कुत्र्याचं तोंड मी पुसायचं!

शेजारच्या कुशाबा भाऊजींनी मंचरच्या लोहाराकडून खिळ्यांचा पट्टा करून आणला. बिबट्या मान धरतो, म्हणून कुत्र्याच्या गळ्यात खिळे. पट्टा एवढा जड की वासराला घालावा.

पडवीत यांच्या खाटेपलीकडचा कोपरा झाडून घेतला. झाडतानाच मळमळत होतं.

९ एप्रिल, पाडवा

आलं ध्यान.

ज्ञानूनं गाडीतून टोपली काढली तेव्हा निम्मी आळी गोळा झालेली. नाक आत गेलेलं, जबडा बाहेर, पाय फेंगडे, आणि खालच्या ओठातून लाळेची तार थेट उंबऱ्यावर. मी सकाळी सारवून रांगोळी काढलेला उंबरा! कुशाबा भाऊजींनी त्याला उताणं करून नखं मोजली. वीस नखं भरली तरच कुत्रं बिबट्यापुढं उभं राहतं, असं सगळे म्हणतात. अठराच भरली. "वैनी, ह्ये कुत्रं न्हाई, बेडूक हाय," म्हणाले. पट्टा खुंटीला गेला.

हे हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा! अर्ध्या तोंडानंच, पण हसले. आणि हसताना लाळ आली ती हनुवटीवरून सदऱ्यावर. मी आत गेले, गॅस बारीक करायचा म्हणून. गॅस बारीकच होता. लंकाबाईनं पुसलं. ती यांना आंघोळ घालायला येते आणि दुपारचं जेवण होईपर्यंत यांच्याजवळ बसते, म्हणून बरं.

पुरणपोळी अर्धीच खाल्ली यांनी.

१० एप्रिल

एवढंसं पिल्लू, आणि घोरणं दहा माणसांचं! ज्ञानू सकाळी पुण्याला पळाला.

१४ एप्रिल

आज पुसताना नाकावरची मोठी घडी उलगडली. आत जे होतं ते लिहवत नाही. आठ दिवस न धुतलेल्या ताकाच्या गाडग्याचा वास. मी तोंडाला पदर लावून, मान वळवून, बोटानं अंदाजानं पुसलं. तर ते नेमकं माझ्या तोंडावर शिंकलं. दोनदा अंगावर पाणी घेतलं तरी वास जाईना. खाताना अर्धं जमिनीवर, अर्धं छातीवर. वर वारा सोडतं ते वेगळंच! हे खाटेवरून बघत असतात.

१७ एप्रिल, रविवार

हे कुणापाशी बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते.

लग्न झाल्या दिवसापासून मी यांच्या ताटात जेवत आले. सासूबाईंनी लावलेली रीत. हे जेवून उठायचे, त्याच ताटात मी बसायची. अठ्ठावीस वर्षं. जगाच्या उष्ट्याची किळस, पण ह्या ताटाची कधी आली नाही. हे मुद्दाम काहीतरी ठेवायचे — भाकरीचा पापुद्रा, वांग्याची फोड, गुळाचा खडा. तोंडानं कधी बोलले नाहीत. मीही नाही.

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी सवयीनं ताट घेऊन बसले. भातावर लाळ होती, चकाकत होती. उठले आणि मोरीत जाऊन ओकले. तेव्हापासून मी आत वेगळं वाढून घेते. यांना सांगितलेलं नाही. कळलंही नसेल.

देवा, मला माझ्या नवऱ्याच्या तोंडाची किळस येते. लिहिलं एकदाचं.

१९ एप्रिल

यांच्या ताटात रोज उरतं. टाकायचं जिवावर येतं, म्हणून सुलतानच्या ताटलीत ओतते. त्याला काय, गटार दिलं तरी चाटेल. ते खायला लागलं की हे भिंतीकडे तोंड करतात. यांनाही किळस येत असणार. मग आणलं कशाला म्हणते मी!

२६ एप्रिल, मंगळवार

यांना डॉक्टरांकडे नेलं. महिन्यात चार किलो वजन उतरलंय. डॉक्टर म्हणाले, गिळायला जमतंय, मग खात का नाहीत? असंच चाललं तर नाकातून नळी घालून खायला घालावं लागेल. आणि एकदा नळी आली की माणूस खचतो, असंही म्हणाले.

 

२८ एप्रिल

मऊ खिचडी केली. शिरा केला. भाकरी दुधात कुस्करून दिली. निम्मं तसंच. पहिल्यांदा चतकोर उरायचं, आता निम्मं उरतं! सुलतान मात्र फुगत चाललाय.

२ मे

दुपारी पुन्हा लाईट गेली. पत्र्याखाली भट्टी झालेली. सुलतानची जीभ हातभर बाहेर, छाती भात्यासारखी, घशातून घर्र घर्र. मी गोणपाट भिजवलं, त्याला वर ठेवलं, आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. तासभर! कुत्र्याला! पलीकडे लंकाबाई यांना वारा घालत होती. माझ्याकडे बघत होती, पण बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

६ मे, शुक्रवार

कापूस संपला होता. सुलतान माझ्या पायाशी येऊन बसला, तोंड वर करून — पुसायची वेळ झाली की आता आपणहून येतो. मी पदरानंच पुसलं. घड्या, डोळे, ओठांचे कोपरे, सगळं. मग भानावर आले. शी! लुगडं भिजत घातलं, आंघोळ केली.

पण पुसताना मळमळलं नाही. हे उगीच लिहिलं.

११ मे, अक्षय तृतीया

आमरस केला. आंबा म्हणजे यांचा जीव! कोय सुद्धा चोखून पांढरी करणारा माणूस. चार चमचे घेतले आणि वाटी सारली. भरलेली वाटी! पोळीही दीड ठेवली.

माझा तोल गेला. "खायचं नसेल तर सांगा, मी रांधायची थांबते!" म्हटलं. हे काहीतरी सांगायला लागले. डावा हात माझ्याकडे करून, ओठ वाकडा करून, एकच शब्द पुन्हा पुन्हा. रस मिसळलेली लाळ ओघळायला लागली. मी वाटी उचलली आणि आत गेले. ऐकून घेतलं नाही.

सुलताननं वाटी चाटूनपुसून पालथी केली.

१३ मे, शुक्रवार

सुलतानला बरोबर श्वास घेता येईना, म्हणून गुरांचे डॉक्टर बोलावले. त्यांनी त्याला उचललं आणि हसलेच. "ताई, ह्याला घालताय काय? तीन महिन्यांचं पिल्लू अन् अंग बोक्यासारखं. ह्या जातीला चरबी चढली की दम कोंडतो." मी यादी दाखवली. म्हटलं यादीतलंच देते. आणि वरून यांच्या ताटातलं उरलेलं. म्हणाले, तेच बंद करा. आजपासून.

दारात गेल्यावर परत वळून म्हणाले, घरात कुणीतरी लई उपाशी राहतंय वाटतं. गमतीत म्हणाले. मला हसू आलं नाही.

१४ मे, शनिवार

आज यांचं ताट उचललं. भाकरी अर्ध्याहून जास्त, पिठलं, वर गुळाचा खडा. सुलतान ताटलीपाशी जाऊन बसलेला. त्याला नाही घातलं. म्हशीला घालायला निघाले तर लंकाबाई गोठ्यापर्यंत मागं आली. पदराशी चाळा करत उभी राहिली.

"वैनी, राग येनार नसंल तर बोलते. आता म्हशीला नका घालू त्ये. अण्णा तुमच्यासाठी ठेवत्यात."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कुणासाठी?

"मी रोज म्हनते, अण्णा, खावा की. तर म्हनत्यात, 'तिचं हाय.' कुत्रं खाया लागलं तवापास्नं जास्तीच ठेवत्यात. त्याला गेलं तरी तिला ऱ्हाईल, म्हनत्यात."

ती एवढंच बोलली आणि गेली. इतके दिवस बोलली नाही, कारण तिला वाटलं असेल, मला ठाऊक असणार. तृतीयेला आमरस सारून मला तेच सांगत होते. "तुझं." मी किळसून आत निघून गेले आणि तो रस कुत्र्याला घातला. ते भिंतीकडे तोंड करायचे ते किळस येऊन नाही. माझा वाटा कुत्र्याच्या ताटलीत पडताना बघवत नसायचं. चार किलो! माझ्यासाठी ठेवून ठेवून यांचं अंग उतरलं, आणि मी मोरीत ओकत होते.

माझी किळस आली मला. म्हशीच्या अंगाला टेकून रडले. ताट हातातच होतं.

खरं सांगायचं तर अजूनही धीर होत नाही. उद्या ज्वारीची भाकरी आणि वांगी करणार आहे. भाकऱ्या दोनच. ताट एकच.

१५ मे, रविवार

आधी यांचं तोंड पुसलं, पदरानं. ताटासमोर बसले. हे जेवायच्या आधीच, शेजारी. पहिला घास उतरेना. दुसरा उतरला. मग यांनीही खाल्लं.

सुलतानला काही उरलं नाही.