ओनोरा डिग्ननच्या स्वयंपाकघराची व्यवस्था

किलावार्ना धर्मग्रामातल्या माझ्या शेजाऱ्यांनो, आणि विशेषतः ड्रिनॉ वाडीतल्या घरांनो,

तुमचं चर्च तुम्हाला न विचारता बंद झालं. तुमच्या पणज्यांनी दगड वाहून ते बांधलं, तुमचे बाप्तिस्मे तिथे झाले, तुमच्या माणसांच्या शवपेट्या तिथून निघाल्या. आणि बिशपांच्या कचेरीतल्या एका तरुण फादरने नकाशावर रेघ ओढून तुम्हाला बॅलिनरीच्या चर्चला जोडून टाकलं. या रागात मी तुमच्याबरोबर आहे. बाकी बऱ्याच बाबतीत नाही, ते पुढे येईलच.

मी, मॅलकी थेडी डिग्नन, वय शहात्तर, धंदा शेती, पूर्वी छोट्या शेतकऱ्यांच्या संघाचा सचिव, राहणार ड्रिनॉ, किलावार्ना, काउंटी रॉसकॉमन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी फुप्फुसं निकामी होत आहेत, डोकं नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी भानावर नव्हतो असं म्हणणं ज्यांच्या सोयीचं ठरेल अशी माणसं या गावात आहेत. माझ्यावर कोणाची बळजबरी नाही. ज्यांनी ती आयुष्यभर करून पाहिली ते आता चर्चच्या आवारात संगमरवराखाली आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निवृत्त शिक्षिका नेसा टार्पी यांनी करावी. माझ्या भाषणांचे मसुदे त्या तपासत आणि दर वेळी म्हणत, "मॅलकी, शिव्या थोड्या कमी कर, मुद्दे आपोआप दिसतील." त्यांनी या कागदातलंही एक वाक्य खोडायला लावलं आहे. बाकीची राहू दिली.

दोन. मला आईवडिलांच्या कबरीत पुरावं. माझ्यावर भाषण करू नये. ज्यांना माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे होते त्यांना पुष्कळ वर्षं मिळाली होती. शवपेटी फॅलनांच्या फाटकासमोर खांदेपालटासाठी टेकवू नये. खांदे दुखले तर दुखू द्यावेत.

तीन. शेत आणि गुरं माझ्या बहिणीचा मुलगा फिंटन याला. तो लीड्समध्ये राहतो आणि ते विकणार हे मला ठाऊक आहे. विकू दे. फक्त वरचं कुरण हेशनांना विकू नये. त्यांनी कुंपण दर वसंतात आमच्या बाजूला सरकवलं आणि वर म्हणाले, जमीनच सरकते.

चार. दलदलीतून जळणाची ढेकळं कापायचं माझं फावडं पीडर हेशनला. याआधीचं त्याच्याकडेच आहे. जोडी पूर्ण होईल.

पाच. पुस्तकं. ही सगळी सबायना फॅलनच्या नातीला, मेवला द्यावीत. पुस्तकं मागायला ती पुढच्या दाराने आली आणि वाचून परत करायलाही पुढच्याच दाराने आली. तिच्या घराण्यातलं हे पहिलंच उदाहरण आहे. वडिलांच्या वेळची, काउंटीच्या वाचनालयाने पाठवलेली लाकडी पेटीही तिलाच. या पेटीवरून काय झालं ते सहाव्या कलमात आहे.

सहा. घर. हे कलम लांब आहे; बसून घ्या.

आमच्या वाडीत वर्षातून दोनदा फादर एका घरी येऊन मिस्सेची उपासना करतात. वसंतात एकदा, पानगळीत एकदा. रस्त्याच्या कडेने, सूर्य फिरतो त्या दिशेने, घरामागून घर. कोणाची पाळी हे कधी सांगावं लागत नाही. ज्याची पाळी तो भिंतींना सफेदी करतो, चिमणी झाडतो, मिस्सेनंतर फादरला आतल्या खोलीत न्याहारी देतो. मेणबत्त्यांचे पितळी दिवे आणि क्रूस यांची एक पेटी असते. आधीच्या घराने ती पुढच्या घरी आदल्या संध्याकाळी पोचवायची, असा रिवाज.

१९५७च्या वसंतात पाळी आमची होती. हेशनांची झाली होती, आमच्यानंतर फॅलन. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. वडील, थेडी, वाचनालयाची पुस्तकं घरात ठेवून वाडीला वाचायला देत. कॅनन मल्केरिन त्या वेळी इथले मुख्य धर्मगुरू होते. त्यांनी वडिलांना रस्त्यात थांबवून सांगितलं की पुस्तकांची पेटी वाचनालयाला परत पाठव. वडील म्हणाले, "कॅनन, त्यातलं कोणतं वाईट ते तुम्ही वाचून सांगा, तेवढं परत पाठवतो." कॅनन वेदीवरून काही बोलले नाहीत. बोलले असते तर वडिलांनी उत्तर दिलं असतं. त्यांनी चर्चच्या सेवेकऱ्याबरोबर फॅलनांकडे फक्त निरोप पाठवला की या खेपेची मिस्सा तुमच्याकडे. आठवड्याभरात वाडीतल्या प्रत्येक घराला कळलं. आमचं सोडून.

आणि तो आठवडाभर माझी आई, ओनोरा, बाहेरच्या भिंतींना सफेदी करत होती. शिडीवर चढून, रस्त्याकडच्या बाजूने. तुम्ही सगळे त्या रस्त्याने जात होता. "काम मस्त चाललंय, ओनोरा," असं म्हणून पुढे जात होता. बार्टली हेशनने तर शिडी धरली.

दिव्यांची पेटी आदल्या संध्याकाळी आली नाही. आई म्हणाली, "सकाळी येताना आणतील." सकाळी तिने चूल पेटवली, पाव भाजला, अंडी काढून ठेवली, पवित्र पाण्याची वाटी घेऊन दारात उभी राहिली. वाडीतली माणसं रविवारच्या कपड्यांत आमच्या फाटकावरून पुढे गेली. मग कॅननची गाडी पुढे गेली.

वडील म्हणाले, "ओनोरा, आत ये."

आई म्हणाली, "थांबा हो. पुढे जाऊन वळतील. गाडी वळवायला फॅलनांकडेच जागा आहे."

ती किती वेळ उभी होती हे मी लिहीत नाही. शेवटी कोट चढवून ती फॅलनांकडे गेली, कारण वाडीतली मिस्सा चुकवणं तिला जमणारं नव्हतं. आत जागा कोणी केली नाही. ती अंगणात, दगडांवर गुडघे टेकून बसली. दार आडवं दुभागलेलं होतं; कोणीतरी त्याची खालची फळी लावून घेतली. वारा येत होता म्हणे.

त्यानंतर दोन-तीन कॅनन बदलले. पाळी आमच्या घरावरून उडी मारत राहिली, कारण एकदा मोडलेला क्रम हाच आता क्रम झाला होता. आई मरेपर्यंत दर वसंतात आणि दर पानगळीत सफेदी करत राहिली. मला वाटतं, न जाणो एखाद्या वर्षी कोणाला आठवेल, एवढंच तिच्या मनात असावं. तिला ते घर मिस्सेसाठी द्यायचं होतं. आयुष्यात तिने दुसरं काही मागितलेलं मला माहीत नाही.

कॅननला मी दोष देतो, पण थोडा. तो हुकूम सोडणारा माणूस होता आणि हुकूम सोडणाऱ्यांकडून मी कधी वेगळी अपेक्षा ठेवली नाही. माझा हिशेब तुमच्याशी आहे. एकट्या माणसाचा हुकूम वाडीभर पाळला जातो तो खाली घातलेल्या मानांमुळे. बिशपांचा माणूस शाळेत सभा घ्यायला आला तेव्हा त्याच माना मी पुन्हा पाहिल्या. त्याने चर्च बंद करण्याची योजना वाचली आणि विचारलं, "कोणाला काही शंका?" पन्नास वर्षं ज्या बाकांवर तुमच्या बुडांचे खळगे पडले ते बाक तो उचलून नेत होता, आणि तुम्ही आपापले बूट पाहत होता. मी उठलो तेव्हा पीडरने माझा कोट ओढला. "बस ना, मॅलकी. फादर लांबून आलेत."

लांबून तर सगळेच येतात. जमीनदार लांबून आले होते, त्यांचे कारकून लांबून आले होते. आपण मात्र इथलेच, आणि इथेच गप्प.

आता बिशपांनी दर रविवारी म्हाताऱ्यांना बॅलिनरीला न्यायला बस ठेवली आहे. ती बस तुम्हाला आवडत नाही, म्हणून गेल्या महिन्यात सबायना फॅलन, वय माझ्याहून चार वर्षांनी जास्त, मुलगा कॉर्मकच्या गाडीतून माझ्याकडे आली. हे संभाषण मी आठवतं तसं लिहितो, म्हणजे उद्या कोणी दुसरं सांगायला नको.

ती म्हणाली, "तुझं स्वयंपाकघर वाडीत सगळ्यात मोठं आहे, मॅलकी. रविवारी आम्ही चार माणसं इथे जमलो असतो. प्रार्थना केली असती. जमेल तेव्हा एखादा फादर आला असता."

"तेव्हाही तेवढंच मोठं होतं, सबायना."

"अजून तेच धरून बसलायस?"

"दुसरं काय धरायला दिलंत?"

"कॅननचा निरोप होता. मी लग्न होऊन आलेली नवी सून. माझं कोण ऐकणार?"

"दार कोणी लावलं?"

"सासूने."

"ती मेली, तिच्या नावावर काहीही खपेल."

"जिवंत होती तेव्हाही तिला कोणी विचारत नव्हतं, ती स्वतःच सांगायची," सबायना म्हणाली, आणि मला हसू आलं याचा मला राग आला. मग तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी खिडकीतून पाहिलं होतं रे. ओनोराच्या गुडघ्याखाली कोट नव्हता. मी कोट काढला होता बाहेर द्यायला. मग कॅननची अंडी उकडायची होती."

कॉर्मक म्हणाला, "आई, चल." ती बसून राहिली.

मी तिला हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. उत्तर इथे देत आहे.

माझं घर, स्वयंपाकघरासह, ड्रिनॉ वाडीतल्या सर्व घरांना सामाईक मालकीने देत आहे. ते बिशप, धर्मप्रांत किंवा कोणत्याही फादरच्या नावावर कधीही होऊ नये. बँकेत माझं जे उरेल ते या घराच्या जळणासाठी आणि छपरासाठी. फादर आला तर त्याला इतरांसारखीच एक खुर्ची द्यावी. न्याहारी सगळ्यांना किंवा कोणालाच नाही. वाडीतल्या कोणाला, कोणत्याही कारणासाठी, या दारातून परत पाठवता येणार नाही. तसं एकदा जरी झालं तर घर त्याच दिवशी विकून पैसे काउंटीच्या वाचनालयाला द्यावेत. नेसा टार्पी यांनी यावर नजर ठेवावी, आणि त्यांच्यानंतर मेव फॅलनने.

हे मी क्षमा म्हणून देत नाही. क्षमा करायचा हक्क आईचा होता आणि तिला कोणी विचारलं नाही. माझी माफी मागायला कोणी येऊ नये. जिला ऐकू जायला हवं होतं तिला आता ऐकू येत नाही. घर मी देतो ते एवढ्यासाठी की ते बंद ठेवून मी मेलो, तर दाराची खालची फळी लावणारा मी या वाडीतला शेवटचा माणूस ठरेन. त्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

सात. पण घर दिल्याने काही होत नाही. तुम्ही घराचे आभार मानाल आणि रविवारी सकाळी, सवयीने, मान खाली घालून बसमध्ये चढाल. म्हणून मागणी एकच करतो, आणि ती कायद्याने बंधनकारक नाही हे मला माहीत आहे. मला पुरल्यानंतरच्या पहिल्या रविवारी बस चर्चच्या फाटकाशी येईल, दार उघडेल. चढू नका. एकानेही नाही. चालक का म्हणून विचारेल तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघून, मोठ्याने, "आम्ही येणार नाही" असं म्हणा.

हा मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही करत आहे.

मॅलकी थेडी डिग्नन

साक्षीदार:
ओर्ला केनिफ, टपाल वाटप, किलावार्ना
डॉनल मॅक्गोल्ड्रिक, गुरांचे डॉक्टर, बॅलिनरी

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. मॅलकी डिग्नन यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. या मृत्युपत्रातून आम्हाला चहाखेरीज काहीही मिळालेलं नाही.

ठिकाण: ड्रिनॉ, किलावार्ना
दिनांक: ३ नोव्हेंबर २०१४