कोकराचा आवाज

१९ मार्च, सकाळी दहा
विलो क्रीक, मोंटाना

प्रिय रागन्हिल्ड,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. तुझ्यावर आणि तुझ्या विणीला आलेल्या मेंढ्यांवर प्रभूची कृपादृष्टी असो.

मुख्य बातमी आधी लिहितो. तुझी राखणीची कुत्री, ब्रिटा, जिवंत आहे. मी हे लिहीत असताना ती माझ्या शेगडीपुढे चारी पाय ताणून झोपली आहे. बरगड्या मोजता येतील इतकी वाळली आहे आणि डाव्या कानाचे टोक गेले आहे, पण जखम सुकली आहे. वाडगाभर रस्सा पिऊन तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मी मुकाट्याने दुसरा वाडगा भरला. एकोणीस दिवसांनंतर आज मी पोटभर श्वास घेतला.

कान कसा गेला, हे तू विचारशीलच. त्याआधी थोडे मागचे सांगू दे.

गेल्या वसंतात कायोटींनी, त्या कोल्ह्यासारख्या रानकुत्र्यांनी, माझी सात कोकरे नेली, हे तुला ठाऊक आहे. म्हणून या हिवाळ्यात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मी डेल किट्रेजचे शिष्यत्व पत्करले. हा सापळे लावणारा शिकारी कधी चर्चची पायरी चढत नाही, म्हणून तुला तो आवडत नाही. पण गुरू म्हणून तो कठोर आणि खरा आहे. त्याने माझ्या हाती एक लाकडी पिपाणी दिली. तिच्यातून मरणाऱ्या सशाचा आक्रोश काढायचा. तो ऐकून कायोटी आयत्या शिकारीच्या आशेने येतो. मी फुंकली, तर त्याने कानांवर हात ठेवले.

"पाद्रीबाबा, प्रवचन नाही द्यायचं, रडायचंय! तुमचा ससा तर आशीर्वाद देत मरतोय."

वारा तोंडावर घ्यावा, सूर्य पाठीशी ठेवावा, झुडपाला टेकून पाव तास पापणीही हलवू नये, हे त्याने शिकवले. मी नाक खाजवले की म्हणे, "चाळीस वर्षं लोकांना बाकावर गप्प बसवलंत ना? आता तुम्ही बसा." आणि एक गोष्ट त्याने बोट रोखून सांगितली होती: "कोकराचा आवाज कुणाच्या कळपाजवळ काढायचा नाही. कायोटी येईल न येईल, राखणीचं कुत्रं नक्की येईल."

तीन आठवडे सशाच्या रडण्याला एकही कायोटी आला नाही. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या पहाटे मी एकटाच निघालो. तुझ्या कुंपणापलीकडच्या टेकाडावर सेजच्या झुडपाला टेकून बसलो. बसायला सोयीची जागा निवडली, त्यामुळे सूर्य समोर आला. आणि मी कोकराचा आवाज काढला. तो मला चांगला साधतो, रागन्हिल्ड. जन्मभर ऐकलेला आहे.

उजेडातून एक काळी आकृती सरळ माझ्याकडे धावत आली. मी बार काढला. जी किंकाळी उठली ती कायोटीची नव्हती. झुडपाला रक्त होते आणि मूठभर पांढरे केस. दुपारपर्यंत शोधले, माग खडकांत हरवला.

आता तुला कळले.

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, सर्वांसमक्ष तू म्हणालीस, "त्या किट्रेजनंच मारलं माझ्या ब्रिटाला. माझ्या फाटकात त्यानं पाऊल टाकून दाखवावं!" मी तुझ्याशेजारी उभा राहून कॉफीत साखर ढवळत होतो. मी साखर घेत नाही, हे तुझ्या तेव्हा लक्षात आले नाही. करडाचे कातडे लेवून आंधळ्या पित्याला फसवणाऱ्या बायबलमधल्या मुलावर मी आयुष्यात नऊ प्रवचने दिली. त्याच्या घशातली कोरड कशी असते, हे त्यांपैकी एकातही नव्हते.

काल किट्रेज आला. टोपीही काढली नाही.

"वरच्या ओढ्याकडं, मेंढपाळांच्या पडक्या गाडीपाशी मोठे पंजे उमटलेत. मी गेलो की पळते. तुम्ही जा."

"तुला केव्हापासून ठाऊक आहे, डेल?"

"दुसऱ्या दिवसापासून. झुडपाला पांढरे केस, खाली तुमच्या बुटांचे ठसे. वाटलं, तुम्ही सांगाल."

"मग तूच का नाही सांगितलंस?"

"तुमची बहीण तशीही माझं तोंड बघत नाही. आणि पापं कबूल करून घेणं हा तुमचा धंदा, बाबा, माझा नाही." दारातून वळून तो म्हणाला, "जो आवाज ऐकून ती आली होती, तोच काढा. बंदूक घरी ठेवा."

आज उजाडताच मी वरच्या ओढ्याकडे जाऊन बंदुकीविना बसलो. सूर्य पाठीशी घेतला. पिपाणी ओठांना लावली, पण बराच वेळ फुंकवेना. या आवाजानेच तिला गोळीपुढे आणले होते. ती पुन्हा कशाला येईल? अखेर फुंकली.

पाव तासही लागला नाही. ती पडक्या गाडीमागून निघाली, थबकली, तिने मला ओळखले, आणि तरीही आली. माझ्या मांडीवर, कोटाखाली नाक खुपसून कोकरू शोधू लागली. मी तिथेच रडलो. किट्रेजने ऐकले असते तर त्याला रडणे पसंत पडले असते.

येत्या रविवारी, कॉफीच्या वेळी, त्याच टेबलापाशी मी सर्वांना हे सांगणार आहे. परंतु तू ते गर्दीत पहिल्यांदा ऐकू नयेस, म्हणून हे पत्र. क्षमा करायची की नाही, ते तुझ्याकडे. मी घाई करणार नाही. किट्रेजची क्षमा मात्र तू मागायला हवीस, आणि तुझ्याआधी मी.

दुपारी किट्रेज ब्रिटाला त्याच्या गाडीतून आणील; हे पत्र तिच्या पट्ट्याला बांधलेले असेल. वाचून होईपर्यंत तो बाहेरच थांबेल, तसे मी त्याला सांगितले आहे. कुत्रीला आत घेताना फाटकाची साखळी पुन्हा लावू नकोस. त्याने सकाळपासून काही खाल्लेले नाही.

मी मागून पायी येत आहे.

तुझा अपराधी, आणि आज रात्री झोप लागेल असा,
हाल्वोर