डॅक पंचाक्षरी अण्णांना

मी, सिद्धाराम कल्याणप्पा बिराजदार, वय बावीस, राहणार उमरगा, शिक्षण इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. बळजबरी कुणाची नाही, उलट माझा डीजेवाला मित्र बलभीम सकाळपासून शेजारी बसून म्हणतोय, "अबे, कानाचं ऑपरेशन हाय, डोस्क्याचं न्हाय. मृत्युपत्र कशाला?"

कारण असं. डाव्या कानामागचं हाड आतून किडलंय. सोमवारी सोलापूरला ऑपरेशन. जिवाला भीती नाही म्हणतात, तरी 'बरंवाईट झालं तर तक्रार नाही' अशा कागदावर सही घेतलीच. डाव्या कानाचं ऐकू येणं मात्र बहुतेक जाणार. त्याआधी मला एका माणसाचं उत्तर दोन्ही कानांनी ऐकायचंय. भांडून भांडून दमलो, म्हणून लिहितो.

१. घर, जागा माझ्या नावावर नाही. त्याबद्दल मी तोंड उघडू नये असं आमचे अप्पा म्हणायचे, म्हणजे बोलत होते तेव्हा. कॉलेज सोडून आलो त्या दिवसापासून बोलणं बंद आहे.

२. ॲम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर अप्पांना. ते रोज सकाळी मोबाईल कानाला लावून आपल्या लिंगायत संतांची वचनं ऐकतात. आता खुर्चीत बसून ऐकावीत. मोबाईल जोडायला साधी वायर पुरते.

३. आईला. अव्वा, लहानपणी माझा कान वाहायचा तेव्हा तू कोमट तेल घातलंस, त्यानंच हे झालं, असं मी रागात बोललो होतो. डॉक्टरांना विचारलं. तसं नाही. ते बोलणं रद्द.

४. काही झालंच तर आपल्या रीतीनं माती द्यावी. डीजे लावू नये. बलभीमचा तर नकोच.

५. माझ्या कष्टाची मिळकत एकच, डॅक. मोबाईल-लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज करून ॲम्प्लिफायरला देणारी, पानाच्या डब्याएवढी काळी पेटी. ती इलेक्ट्रॉनिक्स दुकानाचे मालक पंचाक्षरी अण्णा कोरे यांना द्यावी. का, ते सविस्तर लिहितो.

तीन महिने वाचून, ताडून मी ती निवडली आणि अण्णांकडून मागवून घेतली. घरी जोडली तर गाण्यामागं सारखं घूंऽऽ. वायर बदलली, पिना बदलल्या. जाईना. बाजाराच्या दिवशी भरल्या दुकानात पेटी काउंटरवर आपटली. काचेला तडा गेला. "डुप्लिकेट माल विकता? केस पिकले तरी लाज न्हाय?" असं बापाच्या वयाच्या माणसाला बोललो. अण्णा एवढंच म्हणाले, "ठेवून जा, बघतो." ठेवलीही नाही. वर इंटरनेटवर दुकानाला पाचातली एकच चांदणी दिली.

दुकानात त्यांची मुलगी बसते. (बलभीम म्हणतो नाव घालू नको, गावभर होईल. घालत नाही.) ती माझ्या मागं रस्त्यापर्यंत आली.

"घराचं अर्थिंग बघितलंत का? खड्ड्यात पाणी कधी घातलं होतं?"

"अर्थिंगला पाणी? ती काय तुळस हाय?"

"घालून तर बघा. मीठ टाकून."

मोरीमागचा खड्डा उन्हाळ्यानं कोरडाठाक, भेगा पडलेल्या. दोन बादल्या ओतल्या. स्पीकर लावला तर घूं गायब. पेटी निर्दोष, दोष आमच्या घरचा. त्या दिवसापासून मला दुसराच रोग लागला.

मधे एकदा तिला मनातलं सांगितलं. ती म्हणाली, "आधी आमच्या वडलांची माफी मागा. चारचौघांत ओरडलात, चारचौघांत मागा. मग माझं उत्तर." मी तिच्यावरही चिडून निघून आलो. याला आठ महिने झाले. रोज त्या दुकानावरून जातो आणि मान दुसरीकडं वळवतो. त्या मानेचाही आता कंटाळा आलाय.

तर अण्णा, तुमचा माल खरा होता. खोटा मी. एक चांदणी आज काढून टाकली. काच बसवून द्यायची राहिली. हा कागद चारचौघांत वाचावा.

६. जोडणीचं. अण्णांना शिकवणारा मी कोण, पण त्या पेटीच्या सवयी मला ठाऊक आहेत. मोबाईलचा आवाज पूर्ण ठेवावा, कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करावा. पेटी ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नये, तापते. आणि अप्पा, आपल्या खड्ड्याला उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या. माझ्याशी बोलायची गरज नाही, फक्त घाला.

याआधी तोंडी जे काही बोललो असेन ते रागातलं समजून सोडून द्यावं. लिहिलेलं तेवढं खरं.

सही: सिद्धाराम क. बिराजदार
ठिकाण: उमरगा. शनिवार, १७ जानेवारी २०२६

साक्षीदार १: बलभीम पिराजी कांबळे. सही माझ्यासमोर केली. बाकीच्या येडेपणाला मी जबाबदार न्हाय.

साक्षीदार २: पंचाक्षरी शंभुलिंग कोरे. सही समोर झाली. दुकानातल्या सात गिऱ्हाइकांपुढं त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. माफी पोचली. पेटी नको, साक्षीदारानं मृत्युपत्रातलं काही घ्यायचं नसतं. मुलीनं ऐकलं. तिचं म्हणणं, उत्तर कागदावर देणार नाही. दुकान आठपर्यंत उघडं आहे.