दुसरं ताट

कारिगमोर,
२ नोव्हेंबर

प्रिय एथ्ना,

तुझ्या उन्हाळ्यातल्या पत्राला आत्ता उत्तर लिहिते आहे, रागावू नकोस. तू एकच गोष्ट विचारली होतीस. अँगसने लग्नाचं विचारलंय, तुलाही तो आवडतो, पण आमची आई हॅलोवीनला कोलमनचं ताट मांडत नाही तोवर तू त्याला हो म्हणणार नाहीस. ते पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली. पुन्हा तिने विषय काढला नाही, मीही काढला नाही. कोलमन तुझा नवरा, तसा माझा सख्खा भाऊ, तेव्हा तुला काय सांगावं हे मलाच सुचत नव्हतं.

परवा हॅलोवीन झालं. तू ग्लासगोला गेलीस त्यानंतर ते पार बदललंय. आता दारोदार भोपळे असतात, मोठ्या दुकानातून गाडी भरभरून आणलेले. आमच्या लहानपणी सलगम कोरायचो. ते इतकं टणक की चमचे वाकायचे आणि तळहाताला फोड यायचे, पण आत मेणबत्ती लावली की ते तोंड खरोखर भेसूर दिसायचं. भोपळा बिचारा हसराच दिसतो. शेजारच्या मार्टिनने यंदा फाटकाला प्लास्टिकचे सांगाडे टांगले होते. आई म्हणाली, "हाडं टांगायला हे काय खाटकाचं दुकान आहे का?" मार्टिन म्हणाला, "काकू, पोरांना मजा." "मजा कर बाबा, पण माझ्या बाजूला टांगू नकोस."

पोरं येतात तीही पाकिटातले तयार पोशाख घालून. घंटी वाजवतात, पिशवी पुढे करतात, आणि आपण विचारायच्या आधीच कोण कुणाचा ते सांगून मोकळी होतात. आमच्या वेळी बोलायचं नाही हाच नियम होता. थोरांचे कपडे चढवायचे, तोंडावर जुना पडदा बांधायचा आणि लोकांच्या स्वयंपाकघरात मुकाट उभं राहायचं. घरच्यांनी तीन नावं घ्यायची. ओळखलं तर हात हलवत परत, नाही ओळखलं तर सफरचंदं आणि अक्रोड. एका वर्षी कोलमन आमच्याच घरात आला, आईचा चर्चला जायचा कोट घालून. आईने तीन नावं घेतली, तिन्ही चुकली. स्वतःचा कोट ओळखला नाही म्हणून पुढे जन्मभर तो तिला चिडवायचा.

मनुकांच्या पावाची गंमत तर तू स्वतः पाहिली आहेस. ज्याच्या तुकड्यात अंगठी निघेल त्याचं वर्षाच्या आत लग्न. आई कणीक थापताना अंगठीच्या जागी कडेला अंगठा दाबून खूण ठेवायची आणि हवा त्याला तो तुकडा वाढायची. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, फक्त कुणी बोलायचं नाही. तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस त्या हॅलोवीनला तुझ्या दाताखाली काहीतरी करकरलं, तेव्हा आईचा चेहरा किती भोळा झाला होता. "नशीब हो, दुसरं काय," म्हणाली. कोलमन टेबलाखालून माझ्या पायावर पाय मारत होता. आता दुकानात तो पाव मिळतो, अंगठी कागदात गुंडाळलेली, कुणाचा दात पडू नये म्हणून. आई तो घरात येऊ देत नाही.

आमच्याकडे एक रीत मात्र तशीच राहिली. त्या संध्याकाळी दाराला कडी नाही, चुलीजवळ खुर्ची, आणि घरातलं जे माणूस गेलं असेल त्याच्यासाठी ताट. कोबी घालून कुस्करलेले बटाटे, मधल्या खड्ड्यात लोणी. बाबांचं ताट दरवर्षी असतं. कोलमनची मासेमारीची बोट बुडाली तेव्हा बाकीच्या दोघांची प्रेतं सापडली, त्यांच्या घरी त्याच वर्षी ताटं मांडली गेली. आपला कोलमन सापडला नाही. आई म्हणाली, "मेलेल्याचं मांडतात," आणि एवढ्यावर ते मिटलं. तो गेला असं ठरवणारा कोर्टाचा कागद आला तरी मिटलेलंच राहिलं. मी दर हॅलोवीनला सोलायला चार बटाटे जास्त काढायचे आणि ती ते परत टोपलीत टाकायची. यंदाही तिने टाकले.

परवा दिवे लागायच्या सुमाराला पोरांचा घोळका येऊन गेला. मग दार लोटून एकटंच कुणीतरी आत आलं. मासेमारीचा पिवळा रबरी कोट, पायापर्यंत लोळणारा, आणि तोंडावर जाळीचा पडदा. घंटी नाही, पिशवी नाही, एक शब्द नाही. उभंच. शाळेत बाईंनी पोरांना सांगितलं होतं म्हणे, जुन्या लोकांना विचारून जुन्या पद्धतीने करून बघा. ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मी हातातलं काम टाकून उठले. आई मात्र खुर्चीत सावरून बसली. कितीतरी वर्षांनी कुणी तिच्याशी हा खेळ खेळायला आलं होतं. तिने एक नाव घेतलं, चुकलं. दुसरं घेतलं, चुकलं. मग बराच वेळ ती त्या कोटाकडे बघत राहिली आणि जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाली, "कोलमन."

पडदा वर झाला. मार्टिनची पोरगी ओर्ला होती, घामाने निथळलेली. "तीन संपली आजी," म्हणाली, "हरलात तुम्ही."

"हरले गं बाई," आई म्हणाली. "हरले मी." तिने पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले, तिच्या दोन्ही खिशांत सफरचंदं कोंबली आणि तिला फाटकापर्यंत सोडून आली. आत आल्यावर मला म्हणाली, "नोरीन, ते चार बटाटे सोल." दुसरं ताट तिने स्वतः वाढलं. लोणी जरा जास्तच घातलं, त्याला लागायचं तसं. ते बाबांच्या शेजारी ठेवलं आणि मग ती रडली. मी तिला इतकी वर्षं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले, एथ्ना, आणि मला बरं वाटलं.

हे सगळं मी आईच्या सांगण्यावरून लिहिते आहे. आज सकाळी तिने पाव भाजला, हॅलोवीन उलटून गेल्यावर, म्हणजे या घरात कधी झालं नाही असं. निवल्यावर एकच तुकडा कापला, मेणकागदात गुंडाळला आणि म्हणाली, "एथ्नाला पाठव. आणि जपून चाव म्हणावं." तो या पुडक्यात आहे. बांधताना मी पाहिला. कडेला अंगठा दाबलेला आहे.

तुझीच, आणि लग्नानंतरही तुझी नणंदच,
नोरीन